'धग'ची भाषा अडते?


सरत्या वर्षातल्या वाचनाविषयी अकोल्याच्या वाचकाचे पत्र वाचले. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने त्यांची निराशा केली. कारण काय, तर वऱ्हाडी बोली. अकोल्यात राहून वऱ्हाडी अडावी, हे नवलच!

मीही 'धग' यंदाच वाचली. वाचनालयाची प्रत, पाठ दोऱ्याने शिवलेली. आई तुरीची डाळ निवडत होती, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. थोड्या वेळाने तिने सूप बाजूला ठेवले. माझे 'मले', 'तुले' फारच शाळकरी निघत होते. ते ती दुरुस्त करायची. नायिका कौतिकच्या ओढाताणीवर पुढे तीन दिवस बोलत होती, जणू शेजारचेच घर.

'बारोमास' ही कादंबरी चांगली आहे, याबद्दल मात्र पत्रलेखकाशी सहमत. तिच्यासाठी सदानंद देशमुखांना २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हाच ती वाचायला हवी होती, आळस माझा.

माझी निराशा केली ती एका नव्या, बऱ्यापैकी गाजलेल्या कादंबरीने. पात्रे वाक्यागणिक 'काहून' म्हणतात, पण कपाशीला पऱ्हाटी म्हणणारा त्यात एकही माणूस नाही. आईने दहाव्या पानावर पुन्हा सूप हातात घेतले.

– एक वाचक, अमरावती