अर्ध्या तासाचा मालक कोण?

१९६५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा शब्दखेळ सुरू झाला. शब्दकोशाच्या अडगळीतला एखादा शब्द काढायचा. एका संघातल्या तिघांनी त्याचे तीन अर्थ सांगायचे, त्यांतला एक खरा आणि दोन शुद्ध थापा. समोरच्या संघाने खरा अर्थ ओळखायचा. सप्टेंबरात कार्यक्रम गुंडाळला गेला. पुढच्याच महिन्यात हाच खेळ लंडनमध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर आला आणि १९८८ पर्यंत चालला. १९९६ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले, ते २००५ पर्यंत टिकले. नियम तेच, वर्षही तेच. जन्मभूमीत सहा महिने आणि परदेशात तीन दशके, हा फरक कशाने पडला?

याचे एक तयार उत्तर गेली कित्येक वर्षे दिले जाते. इंग्रजांना शब्दांचे वेड, अमेरिकनांना पैशांचे. इंग्रज चहाच्या किटलीवर खूश होतो, अमेरिकनाला मोटार लागते. म्हणून ब्रिटिश शब्दखेळ अमेरिकेत न्यायचा तर त्यात दिवे, चाके आणि डॉलर भरावे लागतात, असे निर्माते सांगत आले. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात दोष प्रेक्षकाच्या माथी जातो. गेल्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर मात्र राष्ट्रस्वभावाचा हा सिद्धान्त लंगडा पडतो. खेळाचे रूप ठरवले ते त्या अर्ध्या तासाच्या मालकाने: त्या वेळेचे पैसे कोण भरतो आणि किती आठवडे वाट पाहायला तयार असतो, यावर सारे अवलंबून राहिले.

अमेरिकेपासूनच सुरुवात करू. १९५५ साली सीबीएसवर ‘६४,००० डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला. त्याची प्रायोजक होती रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. त्या काळातला प्रायोजक केवळ जाहिरात दाखवून समाधान मानत नसे. कार्यक्रमावर त्याचा वचक असे. कोणता स्पर्धक लोकांना आवडतो आणि कोणता घालवायला हवा, यातही त्याचा शब्द चाले. १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ आला. कोलंबिया विद्यापीठातला तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन त्यात १,२९,००० डॉलर जिंकून घराघरांत पोहोचला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यानेच अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे कबूल केले की उत्तरे त्याला आधीच पढवली जात होती. १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन असा बनाव गुन्हा ठरला.

पुढे जे घडले ते स्वभाव-सिद्धान्ताच्या मुळावर घाव घालणारे आहे. मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषा बदनाम झाल्या आणि त्यांच्या जागी छोट्या बक्षिसांचे शब्दखेळ आले. १९६१ मध्ये सीबीएसवर आलेल्या ‘पासवर्ड’मध्ये एका शब्दाचा सुगावा देऊन जोडीदाराकडून दुसरा शब्द काढून घ्यायचा असे. डाव जिंकला की शंभर डॉलर, आणि पुढच्या झटपट फेरीत फार तर अडीचशे. एवढ्या बक्षिसावर अमेरिकन प्रेक्षक वर्षानुवर्षे आनंदाने बसला. पैशाशिवाय त्याला खेळच रुचत नाही, असे असते तर ‘पासवर्ड’ त्याच मोसमात आटोपला असता.

ब्रिटनमध्येही मोह काही कमी नव्हता. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारे आयटीव्ही सुरू होताच ‘डबल युवर मनी’ आणि ‘टेक युवर पिक’ हे बक्षिसांचे कार्यक्रम तुफान लोकप्रिय झाले. इंग्रज प्रेक्षक पैशांच्या खेळाकडे पाठ फिरवणारा मुळीच नव्हता. पण १९६२ मध्ये पिल्किंग्टन समितीने आयटीव्हीच्या उथळपणावर कोरडे ओढले आणि नियामक संस्थेने बक्षिसांच्या रकमेवर घातलेली मर्यादा पुढे अनेक वर्षे कायम राहिली. ज्या साधेपणाला आपण इंग्रजी अभिरुची म्हणतो, त्यातला बराचसा भाग सरकारी नियमाने शिवलेला कपडा होता. बीबीसीचा खर्च तर प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून भागे. ‘कॉल माय ब्लफ’ला तेथे आयुष्य मिळाले ते त्यामुळे. त्याने गल्ला भरावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

याच व्यवस्थेतून ‘काउंटडाउन’ घडला. मूळ खेळ फ्रान्समधला. आर्मां जामो यांनी १९६५ मध्ये सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ टेलिव्हिजनवर आणला; १९७२ पासून त्यात आकडेमोड आली आणि ‘दे शिफ्र ए दे लेत्र’ हे नाव रूढ झाले. लीड्सच्या यॉर्कशायर टेलिव्हिजनने तो उचलला आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी, चॅनल फोर सुरू झाले त्या दिवशी, नव्या वाहिनीचा पहिला कार्यक्रम म्हणून तो झळकला. सूत्रधार रिचर्ड व्हाइटली २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या खुर्चीत होते.

खेळ अगदी साधा. स्पर्धक एकेक व्यंजन किंवा स्वर मागतो, नऊ अक्षरे मांडली जातात, घड्याळ तीस सेकंद चालते. जितक्या अक्षरांचा शब्द तितके गुण. नऊच्या नऊ वापरली तर अठरा. आकड्यांच्या फेरीत सहा संख्यांतून तीन आकडी लक्ष्य गाठायचे. शेजारी शब्दकोश घेऊन एक कोशकार बसलेला असतो आणि त्याचा निवाडा अंतिम. बक्षीस म्हणून कार्यक्रमाच्या घड्याळाचे चित्र असलेली चहाची किटली, आणि पूर्वी मालिकेच्या विजेत्याला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे वीस खंड.

अशा कार्यक्रमाला मूळ धरायला वेळ लागतो, आणि चॅनल फोरकडे तो होता. १९९३ पर्यंत या वाहिनीच्या जाहिराती आयटीव्हीच्या कंपन्या विकत आणि त्याच तिला ठरावीक वर्गणी देत. एखाद्या दुपारी प्रेक्षक कमी झाले म्हणून तिजोरीत लगेच खडखडाट होत नसे. विद्यार्थी, निवृत्त मंडळी आणि दुपारी घरी असणारे लोक हळूहळू जमत गेले. चार दशके उलटली तरी कार्यक्रम चालू आहे.

आता अमेरिकेतला त्याचा समकालीन पाहा. मर्व्ह ग्रिफिन यांनी १९७५ मध्ये एनबीसीवर आणलेला ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ हाही अक्षरांचाच खेळ. झाकलेले वाक्य, एकेक अक्षर सांगून ते उघडायचे. पण अक्षर सांगण्याआधी चाक फिरवायचे, त्यावर डॉलरचे आकडे. ‘काउंटडाउन’मध्ये स्वर मागितला की फुकट मिळतो, ‘व्हील’मध्ये तो अडीचशे डॉलर मोजून विकत घ्यावा लागतो. सुरुवातीच्या काळात तर जिंकलेल्या पैशांतून मंचावर मांडलेल्या वस्तूंची खरेदीही स्पर्धकाला तिथेच करावी लागे. सोफा, दागिने, सहलीचे तिकीट. त्या वस्तूंचे वर्णन निवेदक रसभरीतपणे करी. म्हणजे खेळाच्या पोटातच दुकान थाटलेले होते. प्रेक्षकाने ते मागितले होते म्हणून नव्हे. दिवसाच्या वाहिन्यांचा डोलारा गृहोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींवरच उभा होता म्हणून.

हाच ‘व्हील’ १९८८ मध्ये स्कॉटिश टेलिव्हिजनने ब्रिटनमध्ये आणला, तेव्हा चाकावरचे डॉलर जाऊन तेथे नुसते गुण आले. कारण बक्षिसांवरची मर्यादा अजून उठली नव्हती. ‘ब्लॉकबस्टर्स’चेही तसेच झाले. १९८० मध्ये एनबीसीवर आलेला हा खेळ तेथे प्रौढ स्पर्धकांचा होता. शेवटची ‘गोल्ड रन’ जिंकली की पाच हजार डॉलर. दीड वर्षात तो बंद झाला. १९८३ मध्ये आयटीव्हीने तो सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला, बॉब होलनेस यांना सूत्रधार केले आणि प्रत्येक बरोबर उत्तराला पाच पौंड ठरवले. दहा वर्षे तो शाळा सुटण्याच्या वेळी ब्रिटनमधल्या पोरांना पडद्यापुढे बसवत राहिला. अमेरिकन खेळ ब्रिटनमध्ये नेताना पैसे काढून वेळ घातला गेला, असे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

उलट दिशेचा प्रवास अवघड का, हे यावरून कळते. ‘काउंटडाउन’ अमेरिकेच्या पडद्यावर कधी रुजला नाही. त्यातल्या अडचणी मोजून पाहण्यासारख्या आहेत. स्पेलिंगची अडचण सर्वांत किरकोळ: ब्रिटिश पद्धतीने रंगाला सहा गुण, अमेरिकन पद्धतीने पाच, आणि शब्दकोश बदलला की वाद मिटतो. खरी अडचण शांततेची. २००१ पासून ‘काउंटडाउन’ पंधरा फेऱ्यांचा आहे. प्रत्येक फेरीत तीस सेकंद म्हटले तर घड्याळाची टिकटिक आणि दोन विचारात पडलेले चेहरे यांतच साडेसात मिनिटांपर्यंतचा वेळ जातो. अमेरिकेतल्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटे उरतात. त्यांतली एकतृतीयांश मिनिटे गप्प राहण्यासाठी द्यायला तेथला वाहिनीचालक तयार होत नाही, कारण गप्प बसलेल्या माणसावरून प्रेक्षक रिमोटने पुढे सरकेल अशी त्याला धास्ती असते.

ही धास्ती खरी का खोटी, याचा निकाल अखेर टेलिव्हिजनच्या बाहेर लागला. वेल्समध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर अभियंत्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘वर्डल’ सर्वांसाठी खुला केला. दिवसाला एकच पाच अक्षरी शब्द, सहा संधी, बक्षीस शून्य, जाहिरात शून्य. काही महिन्यांतच लाखो अमेरिकन रोज सकाळी गुपचूप विचार करू लागले. जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरहून मोठ्या रकमेला विकत घेतला. पैशांविना, चाकाविना, सूत्रधाराविना शब्दखेळ अमेरिकन माणूस खेळत नाही, या समजुतीला याहून चोख उत्तर मिळणे कठीण.

‘वर्डल’ पाहून अनेकांना ‘लिंगो’ची आठवण झाली, आणि त्याची कुंडली तर याहून गमतीची. पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा हा दूरदर्शनी खेळ १९८७ मध्ये अमेरिकेतच जन्मला. तेथे तो टिकला नाही. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये गेला आणि पाव शतक चालला. २०२१ च्या जानेवारीत आयटीव्हीने आदिल रे यांच्या सूत्रसंचालनाखाली तो दुपारच्या वेळी दाखवायला सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये सीबीएसने रूपॉल यांना घेऊन त्याची अमेरिकन आवृत्ती काढली, आणि तिचे चित्रीकरण केले इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये. दुपारचा साधा खेळ अमेरिकेत रात्रीच्या प्राइम टाइममध्ये गेला. एक तासाचा झाला. स्पर्धकांपेक्षा सूत्रधाराचे नाव मोठे झाले. खेळ जेथे जन्मला तेथे तो परदेशी शिक्का मारून परत आला.

ब्रिटननेही या काळात आपली बाजू बदलली होती. १९९३ मध्ये बक्षिसांवरची मर्यादा उठली आणि पाच वर्षांत, सप्टेंबर १९९८ मध्ये, ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ आला. ज्या देशाची अभिरुची साधी म्हणून मिरवली जाई, त्यानेच दशलक्ष पौंडांचा खेळ रचून १९९९ मध्ये अमेरिकेला विकला. २००० मध्ये तो ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन आपल्याकडे पोहोचला, मुंबईचे हर्षवर्धन नवाथे त्याचे पहिले करोडपती ठरले, आणि २०१३ मध्ये त्याची मराठी आवृत्तीही निघाली. तिन्ही देशांत तो चालला. नियम बदलताच इंग्रज स्वभावही बदलला, असे मानायचे की तो स्वभाव मुळात नियमाचाच होता असे म्हणायचे? दुसरे उत्तर अधिक खरे आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दर्शकांची सवयही काही अंशी घडते, आणि घडलेली सवय मग खरीच असते. तीस वर्षे चाक पाहिलेल्या प्रेक्षकाला घड्याळाची शांतता रटाळ वाटू शकते. हे मान्य. पण सवय घडायला जितका वेळ लागतो, तितकाच ती बदलायलाही द्यावा लागतो, आणि अमेरिकन वाहिन्यांनी परक्या शब्दखेळाला तो क्वचितच दिला.

म्हणून ब्रिटिश शब्दखेळ अमेरिकेत पडला की प्रेक्षकाच्या नावाने बोटे मोडणे थांबवायला हवे. जे फॉरमॅट विकत घेतात, मग ते न्यूयॉर्कमध्ये बसलेले असोत की मुंबईत, त्यांनी बक्षिसाची रक्कम ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी: पहिल्या वर्षी प्रेक्षक थोडे आले, तर कार्यक्रम चालू ठेवण्याचे पैसे कोण देणार आहे. त्या रकान्यात नाव नसेल, तर तो खेळ विकत घेऊ नये.