आधी कोणाला वाचवायचे?

लॉस एंजेलिस शहर जळत आहे, जमीन दुभंगली आहे आणि एका आलिशान बंगल्याची दारे-खिडक्या बंद करून बसलेले काही नट आपल्या भवितव्याची चर्चा करीत आहेत. त्यांतील एकाला मात्र फारशी चिंता नाही. हा मोठा भूकंप असावा, मदतपथके निघालीच असतील आणि ती सर्वप्रथम नामवंत कलावंतांना बाहेर काढतील, अशी त्याची खात्री आहे. आधी जॉर्ज क्लूनी, मग सँड्रा बुलक, मग आपण आणि जागा उरलीच तर बाकीची मंडळी, असा क्रमही त्याने लावून टाकला आहे. 'धिस इज द एंड' या २०१३ सालच्या अमेरिकी चित्रपटातील हा प्रसंग. बोलणारा नट आहे जोना हिल आणि तो ज्याची भूमिका करीत आहे, ती व्यक्तीही जोना हिलच!

सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या जोडीने लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ जून २०१३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. जेसन स्टोन याने २००७ मध्ये केलेल्या एका लघुपटावर तो बेतलेला आहे. कथा अगदीच साधी. जेम्स फ्रँको या नटाच्या घरी जंगी मेजवानी सुरू असताना जगबुडी होते. रोगन, हिल, फ्रँको, जे बारुशेल, डॅनी मॅकब्राइड आणि क्रेग रॉबिन्सन असे सहा जण घरात अडकतात आणि अन्न, पाणी व झोपायची जागा यांवरून एकमेकांच्या जिवावर उठतात. सगळे आपल्याच नावाने, आपल्याच प्रसिद्धीसह पडद्यावर वावरतात. भाषा शिवराळ, विनोद अचकट-विचकट आणि शरीरधर्मांविषयीची चर्चा अखंड. सोवळ्या प्रेक्षकाने पहिल्या पंधरा मिनिटांत उठून जावे, असाच हा प्रकार. तथापि या चावटपणाच्या आड एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तो म्हणजे, संकटात वाचण्याचा हक्क कोणाला आणि कशामुळे मिळतो? लॉस एंजेलिसने जानेवारी २०२५ मध्ये जे भोगले, त्यानंतर या प्रश्नाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही.

चित्रपटातील प्रलयाची कल्पना ख्रिस्ती, त्यातही अमेरिकी इव्हँजेलिकल पंथीयांची आहे. जगाच्या अंतसमयी पुण्यवान माणसे सदेह स्वर्गात उचलली जातील आणि उरलेले लोक पृथ्वीवरील यातना भोगतील, अशी या 'रॅप्चर'ची धारणा. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने तिचा प्रसार केला आणि १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या कादंबरीमालेने ती अमेरिकेत घरोघरी नेली. हॅरॉल्ड कॅम्पिंग या धर्मोपदेशकाने तर त्यासाठी २१ मे २०११ ही तारीखही जाहीर करून टाकली होती. ती आली आणि गेली.

चित्रपटकर्त्यांनी या श्रद्धेचा उपयोग मोठ्या खुबीने केला आहे. रोगन आणि बारुशेल मेजवानीतून उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जातात, तेव्हा आकाशातून निळे किरण उतरतात आणि सामान्य माणसे वर उचलली जातात. दोघे धावत बंगल्यावर परततात, तर तेथे नाचगाणे जसेच्या तसे सुरू! एवढ्या मोठ्या मेळाव्यातून एकही जण उचलला गेलेला नाही. त्यामुळे काही घडल्याचा कोणाला पत्ताच नाही. प्रसिद्धीच्या वर्तुळावर याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल. पुढे हाच हिल रात्री देवाची प्रार्थना करतो, तेव्हा आपल्या नावाबरोबर 'मनीबॉल' या आपल्या चित्रपटाचाही दाखला देतो. देवालाही आपली ओळख चित्रपटावरूनच पटेल, असे त्याला वाटते. आणि मागणे काय, तर बारुशेलला मरण यावे!

येथवर सारे ठीक. परंतु स्वतःची टिंगल करणारा हा विनोद कोणाला काय देऊन जातो, याचाही हिशेब मांडला पाहिजे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. येथे तर नटांनी स्वतःचेच सोंग आणले आणि पैसाही आला. सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १२ कोटी ६० लाख डॉलरचा व्यवसाय केला. आपल्याकडच्या तमाशातला सोंगाड्या राजाची आणि पाटलाची टर उडवतो, तेव्हा त्याला काही किंमत मोजावी लागण्याची शक्यता असते. उलट आपण स्वार्थी, पोकळ आणि लाडावलेले आहोत, असे तारकांनी स्वतःच सांगितले की प्रेक्षक हसतो आणि क्षमा करून मोकळा होतो. वर त्यांच्या दिलदारपणाचे कौतुकही होते. कबुली दिली गेली, आता प्रायश्चित्ताची गरज काय?

गंमत अशी, की चित्रपटाच्या कथेला हे मान्य नाही. तेथे कबुली पुरत नाही, कृती लागते. रॉबिन्सन इतरांना निसटता यावे म्हणून स्वतः राक्षसापुढे जातो आणि निळा किरण त्याला उचलतो. हे पाहून फ्रँकोही तोच मार्ग धरतो. त्यालाही किरण उचलू लागतो. परंतु वर जाता जाता तो खाली उरलेल्या मॅकब्राइडला हिणवतो आणि किरण तत्क्षणी विझतो. पुण्याचे नाटक चालत नाही, असा हा निवाडा. ज्या विनोदात सज्जनपणाचीही थट्टा करण्याची मुभा आहे, तेथे हा जुन्या वळणाचा नीतिपाठ शिल्लक राहावा, हे विशेषच म्हटले पाहिजे.

मात्र पडद्याबाहेर या नीतिपाठाचे काय झाले? फ्रँको याच्यावर अनेक महिलांनी गैरवर्तनाचे आरोप केल्याचे वृत्त 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने जानेवारी २०१८ मध्ये दिले. त्याने वकिलामार्फत त्यांचा इन्कार केला. २०१९ मध्ये त्याच्या अभिनयशाळेच्या दोन माजी विद्यार्थिनींनी दावा दाखल केला; तो २०२१ मध्ये २२ लाख डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडीने मिटला. आपल्या विद्यार्थिनींशी संबंध ठेवणे चुकीचे होते, असे त्याने त्याच वर्षीच्या अखेरीस एका मुलाखतीत मान्य केले. त्याआधी मे २०२१ मध्ये रोगन याने फ्रँकोबरोबर पुन्हा काम करण्याचा आपला विचार नसल्याचे जाहीर केले होते. चित्रपटात एमा वॉटसन आश्रयाला येते, तेव्हा एका स्त्रीच्या उपस्थितीत आपण कसे वागावे यावर हे सहा पुरुष बंद दाराआड बाष्कळ चर्चा करतात. ती अर्धवट ऐकून वॉटसन हातात कुऱ्हाड घेते आणि त्यांचेच पिण्याचे साहित्य घेऊन निघून जाते. २०१३ मध्ये हा प्रसंग पुरुषांच्या भोंगळपणावरचा विनोद म्हणून खपून गेला. आज तो पाहताना प्रेक्षकाला कुऱ्हाडीचे कारण समजते. स्वतःवर हसणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे; कित्येकदा ती परीक्षा टाळण्याची सोय असते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२५ कडे पाहिले पाहिजे. ७ जानेवारीला पॅसिफिक पॅलिसेड्स या उच्चभ्रू वस्तीत वणवा भडकला. त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्टाडेनानजीक ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. दुसऱ्या दिवशी तर चित्रपटात जळताना दाखविलेल्या हॉलिवूडच्या टेकड्यांवरच ज्वाळा दिसू लागल्या. सुदैवाने ती आग लवकर आटोक्यात आली. उरलेल्या दोन वणव्यांत १६ हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या आणि ३१ जणांचा बळी गेला. बिली क्रिस्टल, मेल गिब्सन, पॅरिस हिल्टन अशा नामवंतांची घरेही त्यांत गेली. ऑस्करची नामांकने पुढे ढकलावी लागली. आगीने प्रसिद्धी पाहिली नाही, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले आणि ते काही अंशी खरेही होते.

पूर्णांशाने मात्र नाही. कारण आग विझवणारे हात सर्वांच्या दारी सारखेच पोहोचत नाहीत. नोव्हेंबर २०१८ च्या वूलझी वणव्यात किम कार्दाशियन आणि कान्ये वेस्ट यांच्या घराजवळ खासगी अग्निशामक तैनात झाल्याचे वृत्त गाजले होते. २०२५ मध्ये पॅलिसेड्समधील एक मोठे व्यापारी संकुल त्याच्या मालकाने नेमलेल्या खासगी पथकांच्या साह्याने बचावले, तर भोवतालची घरे राख झाली. दुसरीकडे सरकारी दलांच्या खांद्याला खांदा लावून हजाराच्या आसपास कैदी वणव्याशी झुंजत होते. त्यांचा मोबदला दिवसाला साधारण सहा ते दहा डॉलर आणि आणीबाणीच्या कामावर तासाला एक डॉलर जादा! ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून वणव्यावरील कामासाठी हा दर तासाला सव्वासात डॉलर केला. चित्रपटाचा न्याय लावायचा, तर निळा किरण आधी कोणावर पडायला हवा होता, हे सांगण्याची गरज नाही.

सर्वांत बोचरी गोष्ट अल्टाडेनाची. लेक अव्हेन्यू हा तेथील मुख्य रस्ता. त्याच्या पूर्वेकडील रहिवाशांना घरे सोडण्याचे आदेश ७ जानेवारीच्या संध्याकाळीच मिळाले. पश्चिमेकडे कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची जुनी वस्ती आहे. तेथे हा आदेश पहाटे तीननंतर, म्हणजे आग लागल्यावर सुमारे नऊ तासांनी गेला. ईटन वणव्यात १९ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील जवळजवळ सर्वांचे मृत्यू लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला झाले. अनेक जण वृद्ध होते, काहींना स्वतःहून हलता येत नव्हते.

संकटकाळात कलावंतांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ३० जानेवारी २०२५ रोजी झालेल्या 'फायरएड' या संगीताच्या कार्यक्रमातून सुमारे १० कोटी डॉलरचा मदतनिधी उभा राहिला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत आपापल्या प्रशस्त घरांतून गाण्याच्या ओळी म्हणून दाखवणाऱ्या तारे-तारकांचा जो उपहास झाला, त्यापेक्षा हे कितीतरी बरे. प्रश्न कोणा एका नटाच्या दानतीचा नाहीच. आपला क्रमांक आधी लागेल, हा हिलच्या तोंडचा विश्वास हास्यास्पद वाटतो, तो नटाच्या तोंडी आहे म्हणून. तोच विश्वास मालमत्तेच्या विम्यात, पाण्याच्या टाक्यांत, रस्त्यांच्या रुंदीत आणि सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या प्राधान्यक्रमात मुरलेला असतो, तेव्हा कोणी हसत नाही. कारण तेथे तो कोणी बोलून दाखवत नाही.

'धिस इज द एंड' थोर चित्रपट नव्हे. त्यातील निम्मे विनोद आज शिळे वाटतात आणि उरलेल्यांतील काही अस्वस्थ करतात. परंतु एक गोष्ट त्याने हसतखेळत नोंदवून ठेवली. त्या मेजवानीतील पाहुण्यांना बाहेर काय घडले याची खबरच नव्हती, कारण त्यांच्यातले कोणी गेले नव्हते. लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला त्या रात्री नेमके उलटे घडले. तेथील लोकांना समोर आग दिसत होती. आला नव्हता तो ज्यांनी द्यायचा त्यांचा आदेश. आकाशातून उतरणाऱ्या किरणावर भरवसा ठेवण्याचे कारण तेथे कोणालाच नव्हते. त्यांना हवा होता तो फोनवरचा एक इशारा आणि तो नऊ तास उशिरा आला.