नांगर थांबला, पण धसकटांचे काय?

कोरडवाहू गव्हाचे भवितव्य पेरणीच्या वेळी जमिनीत किती ओल शिल्लक आहे, यावर ठरते. महाराष्ट्रातील जिरायती गहू भारी काळ्या जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर वाढतो. त्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट आणि पावसाळ्यात वखराच्या पाळ्या, अशी मशागतीची रीत आहे. शून्य मशागतीच्या पुरस्कर्त्यांनी या रीतीवरच प्रश्नचिन्ह उभे केले आहे.

नांगरटीचे लाभ नाकारता येत नाहीत. घट्ट थर फुटतो, पाणी मुरते आणि तण मरते. मात्र, उघड्या पडलेल्या जमिनीला पावसाच्या थेंबांचा मार बसतो, माती वाहून जाते आणि सेंद्रिय कर्ब घटतो. अमेरिकेतील गवताळ मैदाने गव्हासाठी नांगरली गेली, तेव्हा १९३०च्या दशकातील दुष्काळात तेथील माती धुळीच्या वादळांबरोबर उडाली. त्या देशाला १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा करावा लागला.

ऑस्ट्रेलियातील कोरडवाहू गहू उत्पादकांनी नांगर मोठ्या प्रमाणावर बाजूला ठेवला. आधीच्या पिकाची धसकटे तशीच ठेवून त्यांच्यामध्ये पेरणी केली जाते. या आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. नांगराची जागा तणनाशकांनी घेतली आणि त्यांना न जुमानणारे तण फोफावले.

'नेचर' या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण या संदर्भात महत्त्वाचे ठरते. ६३ देशांतील ६१० अभ्यासांचा त्यात आढावा होता. केवळ नांगरट थांबविल्यास उत्पादन सरासरीने घटते. पिकांचे अवशेष शेतात राखले आणि पिकांची फेरपालट केली, तर कोरड्या हवामानातील जिरायती शेतीत ते वाढू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

नेमकी येथेच अडचण आहे. पंजाब-हरियाणात बागायती भाताचे काड इतके होते, की ते जाळले जाते. ते शेतातच जिरविण्याच्या यंत्रांसाठी केंद्राने २०१८ मध्ये अनुदान योजना आणली. दख्खनच्या पठारावर चित्र उलटे आहे. येथे ज्वारीचा कडबा आणि गव्हांडा हा जनावरांचा चारा असतो. दुष्काळी वर्षात तर दाण्याइतकेच मोल कडब्याला येते. तो जमिनीवर पसरा, हा सल्ला दावणीला बैलजोडी असलेल्या शेतकऱ्याच्या गळी उतरणे कठीण आहे.

त्यामुळे नुसती पेरणीयंत्रे वाटून शून्य मशागत रुजणार नाही. कापणी थोडी उंचावरून करून धसकटे राखणे, फेरपालटीत हरभऱ्यासारखे पीक घेणे आणि चाऱ्याची स्वतंत्र तजवीज करणे, या गोष्टी बरोबरीने व्हायला हव्यात. आच्छादनाविना नांगर थांबविला, तर घट्ट झालेली जमीन आणि माजलेले तण एवढेच शेतकऱ्याच्या पदरी पडेल.