रिळाची बैठक

वर्षभर या सदरात शब्दांची चिरफाड करणाऱ्या मास्तराने दिवाळीच्या अंकात गळाच्या काठीवर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाच्या ताटाशेजारी माशाची गोष्ट कशाला, असे आमच्या घरातूनही विचारून झाले आहे. त्यांच्या समाधानासाठी सांगतो की, या लेखात मासा जवळजवळ नाहीच. आहे तो काठीचा एक वीतभर तुकडा, आणि तोही कुणाच्या नजरेत न भरणारा.

इंग्रजीत त्याला ‘रील सीट’ म्हणतात. आमच्या आजऱ्याला त्याला नाव नव्हते, कारण हिरण्यकेशीच्या काठी बसणाऱ्या बहुतेकांच्या हाती असते ती बांबूची साधी काठी. तिला रीळ नाही, मग रिळाची बैठक कुठून असणार? ‘बैठक’ हा शब्द मामांचा. आम्ही भाषेचे लोक कोश उघडून बसतो आणि शब्द मात्र फिटर पाडतात.

मामा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे मामा. मुंबईच्या एका कापडगिरणीत ते फिटर होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली आणि आजऱ्याकडच्या पुष्कळ घरांत जसे कर्ते पुरुष परत आले तसे मामाही आले. बरोबर एक ट्रंक, हत्यारांची पेटी आणि काचतंतूची एक काठी. सुटीच्या दिवशी वरळीच्या खडकांवर बसून त्यांनी ती वापरली होती. गिरणीविषयी ते फारसे बोलत नाहीत. काठीविषयी मात्र तासभर बोलतील.

ही काठी यंदा गणपती उठल्यावर माझ्याकडे आली.

“जावईबापू, बैठक हलतीया. खंडेनवमीला पेटीसंगं पूजेला पायजे. जमतंय काय बघा. पोरगं नवी आणतो म्हणतंय, पर मला नको.”

असल्या काठ्या दुरुस्त करण्याचा मला नाद आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर ज्याचे चूक-बरोबर हाताला कळते असे काहीतरी काम मनुष्याला हवे असते. पण या वेळी प्रश्न नादाचा नव्हता. गेल्या वर्षीच्या आजारात मामांच्या उजव्या हाताची पकड गेली. धडधाकट मनुष्य हलणारी बैठक मुठीत आवळून चार हंगाम सहज काढतो. मामांना ते आता शक्य नाही. बैठक घट्ट झाली तरच त्यांचे नदीवर जाणे होणार.

ही बैठक म्हणजे काठीवर चढवलेली एक नळी. तिच्या एका टोकाला पक्की वाटी, दुसऱ्या बाजूला सरकती वाटी आणि तिला रेटणारा आट्यांचा नट. रिळाचा चपटा पाय दोन्ही वाट्यांत अडकवायचा आणि नट आवळायचा. जुन्या विलायती काठ्यांना तर नुसत्या दोन कड्याच असत. त्या काठ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बांबू जाई तो कलकत्त्याहून; पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आपला बांबू साहेबाच्या हाती रीळ मिरवत होता, आणि आपल्या नदीवर मात्र बिनरिळाचा!

बैठक हलते तेव्हा लोक नट आवळत सुटतात. त्यात आटे जातात, हलणे जात नाही. दोष बहुधा आत असतो. काठी निमुळती आणि नळीचे पोट सरळ. मामांच्या काठीचा दांडा नळीच्या खालच्या तोंडाशी १६ मिलिमीटर, वरच्या तोंडाशी १५, आणि नळीचे पोट १९. म्हणजे खाली दीड आणि वर दोन मिलिमीटरची पोकळी सगळीकडून भरून काढायची. हे भरण नीट झाले तर बैठक माणसापेक्षा जास्त टिकते. पाणी प्यायले की कुजते, सुटते. थोडेसेच हलत असेल तर रिळाच्या पायाखाली झाकेल असे बारीक भोक पाडून सुईने सरस आत सोडणारे लोक आहेत. मला ते दात दुखताना लवंग धरण्यासारखे वाटते.

खालची मूठ काढल्याशिवाय बैठक निघत नाही. मुठीचे बूच झिजलेच होते, ते कापून काढले. मग नळीभोवती फडके गुंडाळून वर कढत पाणी ओतत राहिलो. (ज्योत कधी दाखवू नये, दांडा जळतो.) तिसऱ्या तांब्याला नळी फिरली. आत लाख होती. विळ्यासुऱ्यांच्या मुठी लाखेने बसवणाऱ्यांना तिचा गुण ठाऊक असतो. तापवली की सोडते. पण ही लाख तर पिठासारखी भुगा झालेली.

आणि लाखेच्या आत सूत होते. गिरणीचे सूत, एकावर एक तिरपे थर देऊन, वर जाड आणि खाली पातळ असे निमुळतेपण तंतोतंत साधून गुंडाळलेले. कधीतरी मामांनीच ही बैठक बसवली होती आणि ते त्यांनी मला सांगितले नव्हते. सूत इतक्या वर्षांनीही नखाने हलेना. मला ते काढवेना. वर नवा सरस चढवून तसेच ठेवू, असे मी त्यांना सुचवले.

“काढा की,” मामा म्हणाले. “सूत पाणी पितंय. तवा गिरणीत दुसरं काय गावत हुतं?”

फिटरपुढे मराठीच्या अध्यापकाचे काय चालणार! काढले.

नवी मूठ सावंतवाडीहून कातून आणली. आंबोलीचा घाट उतरला की लाकडी खेळण्यांचे ते गाव. लाटण्यापासून भोवऱ्यापर्यंत काय हवे ते कातून मिळते. मूठ मापापेक्षा जाड मागितली, कारण सैल पकडीला जाड मूठ सोपी जाते. पितळी नळीवरचा मुलामा उडून हिरवा कळंक चढला होता, तो घरातल्या चिंचेने गेला. दिवाळीची भांडी राहिली आणि चिंच संपली, हे मला अजून ऐकावे लागते. आट्यांत बसलेला गंज मामांनी डाव्या हाताने तिकोनी कानस धरून स्वतः काढला. मला हात लावू दिला नाही.

पोकळीसाठी रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घेतली. तिची तीन कडी, मध्ये बोटभर जागा मोकळी, म्हणजे सरस थेट दांड्याला धरतो. कड्यांच्या कडाही सरसाने झाकल्या, नाहीतर कागदही सुतासारखाच पाणी पितो. दांडा खरकागदाने खरबरीत करून स्पिरिटने पुसला. सरस दोन नळ्यांचा, सावकाश सुकणारा. पाच मिनिटांत सुकणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मनुष्याला चष्मा पुसायला तरी वेळ हवा. नळी फिरवत फिरवत चढवली, बाहेर आलेला सरस पुसला, लगेच रीळ लावले आणि टोकापर्यंतच्या कड्यांतून एका डोळ्याने पाहिले. रीळ आणि कड्या एका ओळीत हव्यात. बैठक केसभर तिरपी बसली तरी दोर कडीला घासतो आणि फेक आखूड पडते.

“डावीकडं,” मामा म्हणाले. “अजून. बास. आता धरा.”

खंडेनवमीला काठी पेटीशेजारी पूजेला होती. झेंडूचे एक फूल रिळावर. पूजा आटोपल्यावर मामांनी त्या जुन्या सुताचा बोळा केला, तेलात बुडवला आणि नटाच्या आट्यांवरून फिरवत बसले. बंधाऱ्याला बरगे पडले का, एवढेच त्यांनी मला विचारले.