फ्लॉरेन्स : बाबागाडीच्या उंचीवरून

फ्लॉरेन्सला निघालेल्या माणसाच्या हातात सर्वत्र एकच यादी ठेवली जाते. कॅथेड्रलच्या घुमटावर चढा, उफीत्झीत बोत्तिचेल्ली पाहा, मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’समोर उभे राहा. या यादीतून दिसणारे शहर कर्त्या पुरुषांचे असते : ज्यांनी बांधले, रंगवले, पैसे पुरवले त्यांचे. तेथे बाळे दिसतात ती बहुधा मेरीच्या मांडीवर. आजच्या धाग्यात दुसऱ्या एका फ्लॉरेन्सविषयी लिहायचे आहे. सोबत एक मतही मांडायचे आहे : प्रबोधनकालीन वास्तुकलेची ‘पहिली’ इमारत म्हणून आपण जी पाठ करतो, तिचा अर्थ केवळ तिच्या खांबांकडे पाहून हाती लागत नाही.

निमित्त एका प्रवासाचे. गेल्या वर्षी एक मित्र, त्याची पत्नी, त्यांची आठ महिन्यांची मुलगी, आणखी एक मैत्रीण आणि मी असे तीन दिवस फ्लॉरेन्समध्ये होतो. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि जिना अरुंद. बाबागाडी वर नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. खाली थांबणाऱ्याला बाळाला फिरवत चौकात चकरा मारण्यावाचून दुसरे काम नसे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ही मोठीच सोय होती, कारण त्या चौकातल्या दोन वास्तूंचा थेट संबंध बाळांशी आहे.

पहिली वास्तू अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची. गर्दी असते ती गिबेर्तीच्या सोनेरी दारापाशी, प्रत्येकाचा फोन वर केलेला. परंतु शहरवासीयांच्या लेखी या इमारतीचे महत्त्व निराळे होते. शहरात जन्मलेल्या मुलांचा बाप्तिस्मा येथेच होई; दान्तेचाही येथेच झाला. चौदाव्या शतकातला बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी लिहितो, की मोजदादीसाठी पुरोहित मुलगा असेल तर काळा आणि मुलगी असेल तर पांढरा दाणा बाजूला ठेवत असे. त्याच्या हिशेबाने वर्षाला साडेपाच ते सहा हजार बाळे, आणि मुलींपेक्षा मुलगे तीनशे ते पाचशेंनी अधिक. युरोपातल्या लोकसंख्येच्या जुन्या नोंदी चाळणाऱ्या कोणालाही हे दाणे हेवा वाटावा असेच आहेत.

दुसरी वास्तू समोरच्या कोपऱ्यावरची बिगाल्लोची लोज्जा, म्हणजे कमानींची उघडी ओसरी. हरवलेली आणि टाकून दिलेली मुले येथे लोकांसमोर आणली जात, असे परंपरेने सांगितले जाते. या संस्थेसाठी १३८६ मध्ये काढलेल्या भित्तिचित्रात मुले स्त्रियांच्या स्वाधीन केली जात असल्याचा प्रसंग आहे. घुमटाच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांची मान इकडे वळते.

कागदपत्रांतही हे शहर बाळांना विसरत नाही. १४२७ च्या ‘कातास्तो’ या करनोंदणीत घरातल्या प्रत्येक माणसाचा उल्लेख ‘तोंड’ असा होतो, आणि दर तोंडामागे दोनशे फ्लोरिनांची वजावट मिळते. तान्हे मूलही एक तोंडच. श्रीमंत घरांच्या खासगी वह्यांत दूधआईची मजुरी टिपलेली असते. क्रिस्तियान क्लापिश-झ्यूबेर या इतिहासकार बाईंनी अशा वह्यांवरून दाखवून दिले, की दूध पाजण्याचा करार बहुधा बाळाचा बाप आणि दूधआईचा नवरा या दोन पुरुषांमध्ये ठरे. जिचे दूध, तिची सही त्यात नाही.

कॅथेड्रलच्या मागून व्हिया देई सेर्व्ही हा सरळ रस्ता धरला, की दहा मिनिटांत सान्तिस्सिमा अन्नुन्त्सियाताचा चौक येतो. उजव्या हाताला ओस्पेदाले देली इनोचेंती : निष्पापांचे, अर्थात टाकलेल्या बाळांचे आश्रयगृह. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये ते ब्रुनेलेस्कीकडून बांधायला घेतले. सडपातळ खांब, अर्धवर्तुळाकार कमानी, मोजूनमापून साधलेली अंतरे : पाठ्यपुस्तके येथे थांबतात. कमानींच्या मधल्या जागांत आंद्रेआ देल्ला रोब्बियाने सुमारे १४८७ मध्ये घडवलेली निळ्या वर्तुळांतली पांढरी बाळे आहेत. त्यांना आपल्या दुपट्यापेक्षाही घट्ट पट्ट्यांत गुंडाळले आहे. काहींच्या पट्ट्या सैल होऊन खाली घसरल्या आहेत. (अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपले बोधचिन्ह येथूनच घेतले.)

१४४५ च्या ५ फेब्रुवारीला येथे पहिले बाळ आले. मुलगी होती. त्या दिवशी संत अगाताचा सण, म्हणून नाव ठेवले अगाता स्मेराल्दा. पुढेही टाकलेल्या बाळांत मुली अधिक असत. बाळे लवकरच खेड्यांतल्या दूधआयांकडे पाठवली जात आणि त्यांतली फार मोठी संख्या परत येत नसे.

आता मुख्य मुद्दा. हे घर कोणाच्या पैशाने उभे राहिले? त्यामागे प्रातो या शेजारच्या गावातला व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी याचे मृत्युपत्र आहे. १४१० मध्ये वारताना त्याने अशा आश्रयगृहासाठी एक हजार फ्लोरिन ठेवले. या दातिनीला पत्नी मार्गेरितापासून मूल नव्हते. जिनेव्रा नावाची मुलगी होती, ती लुचिया या त्याच्या घरच्या गुलाम स्त्रीपासून झालेली. मार्गेरितानेच तिला वाढवले आणि बापाने मोठा हुंडा देऊन तिचे लग्न लावले. दातिनीने मागे सुमारे दीड लाख पत्रे ठेवली, म्हणून हे आपल्याला कळते.

गुलाम स्त्री? फ्लॉरेन्समध्ये? होय. १३४८ च्या महामारीनंतर कामाला माणसे मिळेनात, तेव्हा १३६३ मध्ये नगरराज्याने मूळच्या ख्रिस्ती नसलेल्या गुलामांच्या आयातीला रीतसर परवानगी दिली. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून जेनोआ आणि व्हेनिसमार्गे तातार, चेर्केस, रशियन मुली येत, बहुतेक किशोरवयीन. धन्यापासून त्यांना मुले होत. जिनेव्राचे नशीब त्यांतल्या थोड्यांना लाभे. इनोचेंतीच्या सुरुवातीच्या नोंदींत गुलाम मातांची बाळे वारंवार भेटतात, आणि त्याच मातांना मग दुसऱ्याच्या घरी दूध पाजण्यासाठी भाड्याने दिले जाई. म्हणजे आईचे दूध विकायचे, तर तिच्या स्वतःच्या बाळाला कोठेतरी जागा हवी. ती जागा ब्रुनेलेस्कीच्या कमानींमागे होती.

म्हणूनच इनोचेंतीला ‘मानवतावादाचे स्मारक’ म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. करुणा खरी होती. रस्त्यावर मरू शकणारी मुले तेथे जगली, मुलींना हुंडा देऊन त्यांची लग्ने लावली गेली. परंतु तेच घर श्रीमंत कुटुंबांची अडचण झाकण्याचीही सोय होते. या दोन गोष्टी एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात नोंदलेल्या आहेत. त्यांतली एक गाळून दुसरी सांगणे हा इतिहासाशी केलेला अन्यायच होय.

उलट टोकाचाही एक समज आहे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये मांडले, की मध्ययुगीन समाजाला बालपणाची वेगळी कल्पना नव्हती. त्याचे सुलभ रूपांतर ‘तेव्हा आईबापांना मुलांचा लळाच नसे’ असे झाले, आणि ते आजही फिरते. इनोचेंतीच्या पंधराव्या शतकातल्या वह्यांत बाळ कोणत्या कपड्यांत आले, सोबत कोणती चिठ्ठी होती हे टिपलेले आहे. टाकणाऱ्याला परत येण्याची आशा असल्याखेरीज चिठ्ठीचे प्रयोजन काय? संग्रहालयातल्या छोट्या कप्प्यांत एकोणिसाव्या शतकातल्या खुणा ठेवल्या आहेत : अर्धे तोडलेले पदक, मणी, काचेचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आईकडे असे, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. आमच्यासोबतची आई त्या कप्प्यांपाशी थांबली नाही. मुलगी भुकेली झाली म्हणून ती तिला घेऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी आणि मैत्रीण एकेक कप्पा पाहत राहिलो.

जाणार असाल तर उफीत्झीची एक दुपार कमी करा. बिगाल्लोपासून सुरुवात करून चालत या चौकात या. ओसरीच्या डाव्या टोकाला जाळीची एक लहान खिडकी आहे. बाळ याच जाळीतून आत सरकवत. ती १८७५ मध्ये बंद झाली. इनोचेंती, देलिनोचेंती, नोचेंतीनी ही आडनावे इटलीत आजही आढळतात, आणि संस्थाही चालू आहे. तिथे पाळणाघरे आहेत, आणि बालहक्कांवर संशोधन करणारे युनिसेफचे केंद्र १९८८ पासून तिच्याच नावाने ओळखले जाते.