यंत्र, पीक आणि जमिनीतील जीव

आंजर्ल्याच्या खाचरांत बैलजोडीच्या जागी पॉवर टिलर आला, याचा आम्हांस विषाद वाटत नाही. तरुण मंडळी मुंबईस चाकरीस गेली, मजूर मिळेनासा झाला. अशा वेळी यंत्रास नावे ठेवणाऱ्याने आधी माणसे कोठून आणावयाची ते सांगावे. परंतु यंत्राचा हिशेब आपण केवळ डिझेल व भाडे यांत करितो. जमिनीच्या पोटात राबणाऱ्या जीवांचा जमाखर्च कोणीच मांडीत नाही.

इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी एकरी १० टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या अंगातून जाते, असे डार्विनने १८८१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले. टिलरची फिरती पाती पुनःपुन्हा चालली म्हणजे गांडुळे तुटतात, त्यांची बिळे मोडतात व मातीची कणीदार घडण नाहीशी होते. भातास चिखलणी हवी हे खरे; तथापि दोन फेऱ्यांचे काम चार फेऱ्यांनी करू नये. वरकस जमिनीत व आगरात तर वाफशावर केलेली उथळ मशागत पुरे.

आमच्या मते यंत्राहून मोठी हानी रिकाम्या खाचराने होते. आश्विन-कार्तिकात भात कापले की पुढील मृगापर्यंत जमीन उघडी तापत राहते. जिवंत मुळांचा पाझर व कुजणारा पाला हेच सूक्ष्म जीवांचे अन्न, तेच तुटते. उरलेल्या ओलीवर वाल, पावटा किंवा कुळीथ पेरल्यास त्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरतात आणि जमिनीस अन्नही मिळते. परंतु मोकाट गुरांपुढे एकट्याने पेरलेले टिकत नाही.

आगरांची कथा निराळी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरील माड व पोफळी उन्मळून पाडल्या आणि सावलीतील रेताड माती उन्हात पडली. नवी लागवड मोठी होईपर्यंत तेथील झावळ्या व पातेरा न जाळता आळ्यांत पसरावा, मधल्या जागेत केळी लावाव्या.

सभासद बंधूंनी यंदा भातकापणीपूर्वी वाडीवाडीत बैठक भरवावी, लगतची खाचरे एकाच वेळी पेरावी आणि कडधान्य घरी येईपर्यंत गुरे राखणीत ठेवण्याचा ठराव करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.