पुलाचा गंज आणि रक्तातलं शिसं

नायगावकरांना दादर पश्चिमेला नेणारा ब्रिटिशकालीन टिळक पूल असो, की २०२२मध्ये पाडलेला १८६८चा कर्नाक पूल. आपण पुलाच्या तब्येतीची चौकशी करतो. त्यावरचा गंज खरवडणाऱ्याची कुणी करत नाही.

लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी त्याला सर्रास शेंदराचं अस्तर देत. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. खरवडताना त्याची धूळ श्वासातून आणि न धुतलेल्या हातांनी खाल्लेल्या वडापावातून शरीरात जाते. असं लोखंड गॅस कटरने कापलं तर शिशाचा धूर होतो, तो जास्त घातक. मग पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्तक्षय. पुढे मनगट लुळं पडतं. ओपीडीच्या गर्दीत अशा पोटदुखीला ॲसिडिटीची गोळी मिळते, कारण ‘काम काय करता?’ हे विचारायचं राहून जातं.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क हवा. रंग ओला करून खरवडावा. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. लहान मुलांच्या मेंदूला शिसं सर्वाधिक बाधतं. आणि कामगारांच्या रक्तातलं शिसं तपासण्याचा खर्च रेल्वेने व पालिकेने कंत्राटातच धरावा. रंगाच्या डब्यांचा धरतातच की!